तेल, पाणी आणि सर्फॅक्टंट : पायसाच्या स्थैर्याविषयी एक संवाद

तेल आणि पाणी एकमेकांत विरघळत नाहीत. तरीही तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखरून काही काळ तसेच ठेवता येतात. अशा मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. फवारणीसाठी पाण्यात कालवलेले निंबोळी तेल, अंड्याच्या बलकावर घोटलेले मेयोनेज आणि रुग्णाला शिरेतून देण्याचे सोयाबीन तेलाचे पांढरे औषध ही तिन्ही याच जातीची मिश्रणे. तिन्हींत थेंबांभोवती सर्फॅक्टंटचा, म्हणजे पृष्ठक्रियाकारक द्रव्याचा, थर असतो. सर्फॅक्टंटच्या रेणूचे एक टोक जलस्नेही आणि दुसरे तैलस्नेही असल्यामुळे तो तेल-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतो.

हे थेंब कायमचे विखुरलेले राहत नाहीत. शुद्ध वनस्पती तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण मीटरला सुमारे २५ ते ३० मिलिन्यूटन असतो. सर्फॅक्टंट तो बराच खाली आणतो, पण शून्यावर नेत नाही. त्यामुळे सीमेचे क्षेत्रफळ घटवण्याकडे, म्हणजे थेंब एकत्र येऊन तेल वेगळे होण्याकडे, मिश्रणाचा कल राहतोच. हा कल किती काळ रोखून धरता येतो, तेवढे पायसाचे स्थैर्य.

तो काळ कशाने ठरतो, याविषयी दोन भूमिका घेतल्या जातात. सूत्र तयार करणाऱ्या रसायनतज्ज्ञाच्या मते स्थैर्य सर्फॅक्टंटच्या निवडीत आणि थेंबाच्या आकारात असते. ते प्रयोगशाळेतच ठरते. शेतावर काम करणाऱ्या कृषितज्ज्ञाच्या मते ते टाकीत ठरते : पाणी, ऋतू, कालवण्याची रीत आणि फवारणीला लागणारा वेळ यांवर. निंबोळी तेल महाराष्ट्रात दोघांच्याही परिचयाचे असल्याने पुढील संवादात त्याचेच उदाहरण मुख्यतः घेतले आहे.

पायस बिघडते कसे

रसायनतज्ज्ञ : स्थैर्याची कारणे शोधण्याआधी बिघाडाचे प्रकार वेगळे करायला हवेत. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून थेंब वर चढतात आणि दुधावर साय धरावी तसा दाट थर वर जमतो; हा पहिला प्रकार. थेंब एकमेकांना चिकटून पुंजके होतात, पण प्रत्येक थेंब आपल्या थरासह शाबूत राहतो, हा दुसरा. दोन थेंबांमधला पाण्याचा पातळ पडदा फाटून त्यांचा एक मोठा थेंब होतो. हे संमीलन, तिसरा प्रकार. चौथ्यात लहान थेंबांतले तेल पाण्यात किंचित विरघळून मोठ्या थेंबांकडे जाते. लहान थेंब विरत जातात आणि मोठे आणखी मोठे होतात. याला ऑस्टवाल्ड पक्वन म्हणतात.

कृषितज्ज्ञ : शेतावर या चारांची किंमत सारखी नाही, मॅडम. साय धरली तर टाकी हलवून मिश्रण पुन्हा एकसारखे करता येते. सैल पुंजकेही हलवल्यावर सुटतात. संमीलन होऊन वर तेलाचा तवंग आला, की हलवण्याचा उपयोग उरत नाही. थेंब पुन्हा बारीक करायला मुळात लागली तेवढी शक्ती पुन्हा लावावी लागते. पहिले दोन बिघाड दुरुस्त होणारे आहेत, नंतरचे दोन नाहीत.

रसायनतज्ज्ञ : हा भेद खरा आहे, पण चारही प्रकार स्वतंत्रपणे घडत नाहीत. सायीच्या थरात थेंब दाटीने बसतात, म्हणून संमीलन तिथेच वाढते. पुंजका झाला की तो एका मोठ्या थेंबासारखा वेगाने वर चढतो. संमीलनाने थेंब मोठे झाले की साय लवकर धरते. एका बिघाडाकडे दुर्लक्ष केले तर तो दुसऱ्याला वाट करून देतो.

थेंबाचा आकार

रसायनतज्ज्ञ : या साऱ्यात सर्वांत प्रभावी घटक थेंबाचा व्यास. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार थेंब वर चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेल आणि पाणी यांच्या घनतेतील फरकाशीही तो सम प्रमाणात असतो आणि पाण्याच्या श्यानतेशी, म्हणजे दाटपणाशी, व्यस्त प्रमाणात. निंबोळी तेलाची घनता ०.९२ च्या आसपास धरली तर १० मायक्रॉनचा थेंब साध्या पाण्यात तासाला सुमारे १६ मिलिमीटर चढतो. तोच थेंब १ मायक्रॉनचा केला तर चढण्याचा वेग शंभरपटीने घटतो आणि दिवसभरात तो जेमतेम ४ मिलिमीटर जातो. त्याहून बारीक थेंबांना तर पाण्याच्या रेणूंचे धक्केच चहूकडे फिरवत ठेवतात.

कृषितज्ज्ञ : हाच हिशेब उलट्या बाजूने केला तर शेतातली अडचण दिसते. काठीने ढवळून केलेल्या मिश्रणात ५० ते १०० मायक्रॉनचे थेंब सहज असतात. पाठीवरच्या पंपाच्या टाकीत पाण्याची उंची ४० सेंटिमीटर धरा. १०० मायक्रॉनचा थेंब तळापासून वर यायला पंधरा मिनिटे लागतात आणि ५० मायक्रॉनच्या थेंबाला तासभर. पंपातले मिश्रण तळाकडून ओढले जाते. म्हणून सुरुवातीच्या ओळींवर जवळजवळ नुसते पाणी पडते आणि शेवटच्या ओळींवर दाट तेल. एकाच शेतात एका टोकाला कीड मरत नाही आणि दुसऱ्या टोकाला पाने करपतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

रसायनतज्ज्ञ : म्हणजे थेंब बारीक करणे हाच उपाय ठरतो. थेंब जितका लहान तितका त्याच्या आतला दाब जास्त, म्हणून तो फोडायला जोर जास्त लागतो. सीमेवरचा ताण उतरवून सर्फॅक्टंट हे काम हलके करतो. थेंब तयार झाल्यावर त्याचे दुसरे काम सुरू होते. दोन थेंब जवळ आले की मधला पडदा ताणला जातो आणि ताणलेल्या जागी सर्फॅक्टंट विरळ होतो. शेजारचे रेणू ती जागा भरायला धावतात आणि सोबत थोडे पाणी ओढून आणतात. त्यामुळे पडदा पुन्हा जाड होतो आणि संमीलन टळते. गिब्ज आणि मारांगोनी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम पायसाचा पहिला बचाव आहे.

सर्फॅक्टंटची निवड

रसायनतज्ज्ञ : विल्डर बँक्रॉफ्ट यांनी १९१३ मध्ये नियम मांडला, की सर्फॅक्टंट ज्या द्रवात जास्त विरघळतो तो द्रव पायसात बाहेरचा होतो. फवारणीला पाण्यात तेल हवे असल्याने पाण्याकडे झुकणारा सर्फॅक्टंट लागतो. किती झुकणारा, हे मोजण्यासाठी विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये एचएलबी ही मोजपट्टी दिली. आयनरहित सर्फॅक्टंटसाठी ती शून्य ते वीस अशी आहे. ३ ते ६ एचएलबीचे सर्फॅक्टंट तेलात पाणी विखुरतात. ८ च्या वरचे पाण्यात तेल विखुरतात. स्पॅन ८० या सर्फॅक्टंटचा एचएलबी ४.३ आहे आणि ट्वीन ८० या सर्फॅक्टंटचा १५. एखाद्या तेलाला १० एचएलबी मानवतो असे दिसले, तर ट्वीन सुमारे ५३ टक्के आणि स्पॅन ४७ टक्के घेतले की मिश्रणाचा एचएलबी १० येतो. एकट्या सर्फॅक्टंटपेक्षा अशी जोडी बहुधा चांगली टिकते, कारण दोन आकारांचे रेणू सीमेवर अधिक दाट बसतात.

कृषितज्ज्ञ : एचएलबी पायसाचा प्रकार सांगतो, पायस किती टिकेल ते सांगत नाही. पाण्यातले क्षार आणि तापमान त्यात धरलेलेच नाहीत. शिवाय निंबोळी तेल हा एक ठरावीक पदार्थ नव्हे. ओलसर, बुरशी लागलेल्या निंबोळ्या गाळल्या तर तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात. ही आम्ले स्वतःच सीमेवर जाऊन बसतात आणि सर्फॅक्टंटच्या थरात लुडबूड करतात. एका घाण्याच्या तेलाला बसलेले प्रमाण दुसऱ्या घाण्याच्या तेलाला बसेलच असे नाही.

रसायनतज्ज्ञ : एचएलबी हा शोधाचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हे ग्राह्य आहे. नव्या तेलासाठी वेगवेगळ्या एचएलबीची मिश्रणे करून कोणते सर्वांत जास्त टिकते ते पाहावे लागते. मात्र या मोजपट्टीमुळे अंधारात चाचपडणे संपते आणि चाचण्यांची संख्या खूप कमी होते.

मात्रा आणि विरलीकरण

रसायनतज्ज्ञ : सर्फॅक्टंट योग्य असला तरी तो पुरेसा हवा. १ मिलिलिटर तेलाचे १ मायक्रॉनचे थेंब केले तर त्यांचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर होते. ०.१ मायक्रॉनचे केले तर ६० चौरस मीटर. एक चौरस मीटर झाकायला साधारण १ ते २ मिलिग्रॅम सर्फॅक्टंट लागतो. मात्रा कमी पडली तर उघड्या राहिलेल्या थेंबांचे संमीलन होते आणि उपलब्ध सर्फॅक्टंटला झाकता येईल इतके पृष्ठफळ घटेपर्यंत ते थांबत नाही.

कृषितज्ज्ञ : मग जास्त घातला की प्रश्न मिटला, असे अनेक जण समजतात. तसे होत नाही. गरजेपेक्षा जास्त सर्फॅक्टंट पाण्यात मायसेल नावाचे सूक्ष्म गोळे करतो. मायसेल फार झाले की ते थेंबांच्या मधल्या फटीतून बाहेर राहतात आणि बाहेरून पडणाऱ्या दाबाने थेंब एकमेकांजवळ ढकलले जाऊन पुंजके होतात. पानाचेही नुकसान होते. जादा सर्फॅक्टंट पानावरचा मेणाचा थर सैल करतो आणि पान करपते.

रसायनतज्ज्ञ : यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, सर. फवारणीत लिटरला ५ मिलिलिटर तेल धरले तर १५ लिटरच्या पंपात ७५ मिलिलिटर तेल पडते. ५ मायक्रॉनच्या थेंबांसाठी पृष्ठफळ ९० चौरस मीटर येते आणि ते झाकायला एक-दोन दशांश ग्रॅम सर्फॅक्टंट पुरतो. पण एवढ्या पाण्यात सर्फॅक्टंटचा काही भाग थेंब सोडून पाण्यात विरघळतो. ट्वीन ८० च्या बाबतीत लिटरला काही मिलिग्रॅम विरघळले की पाण्यात आणखी मावत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट मात्र लिटरला दोन ग्रॅमच्या पुढे गेल्यावरच मायसेल करू लागते, म्हणून विरलीकरणात ते थेंबांवरून सहज निघून जाते. दाट अवस्थेत छान दिसणारे पायस पाणी वाढवल्यावर फुटते, त्यामागे बहुधा हे कारण असते.

पाण्याचा जडपणा

कृषितज्ज्ञ : प्रयोगशाळेतले पाणी शुद्ध असते, विहिरीचे नसते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. निंबोळी तेल कालवायला अनेक ठिकाणी कपड्यांचा साबण वापरतात. साबण म्हणजे मेदाम्लाचे सोडियम लवण. जड पाण्यात त्याचे कॅल्शियम लवण होते. ते विरघळत नाही आणि चोथ्यासारखे तरंगते.

रसायनतज्ज्ञ : हे आकड्यांत मांडता येते. कीडनाशकांच्या चाचणीसाठी ठरवलेल्या प्रमाणित जड पाण्याचे काठिण्य ३४२ पीपीएम असते. त्यातले सगळे कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जोडले गेले असे धरले, तर लिटरमागे सुमारे २ ग्रॅम साबण वाया जातो. १५ लिटरच्या पंपाला ३१ ग्रॅम. तेवढा खर्ची पडेपर्यंत तेलाच्या थेंबांना साबण मिळतच नाही. शिवाय हा चोथा नोझलमध्ये अडकतो.

कृषितज्ज्ञ : म्हणजे स्थैर्य पाण्यावर ठरते, ही भूमिका सिद्ध होते.

रसायनतज्ज्ञ : पाण्यावर ठरते ते साबणासारखा आयनी सर्फॅक्टंट निवडल्यामुळे. आयनी थर थेंबांना ऋण विद्युतभार देतो आणि सारख्या भारामुळे थेंब एकमेकांना दूर ठेवतात. क्षारांनी तो भार झाकला गेला की प्रतिकर्षण ओसरते. डेर्यागिन, लांडाऊ, फर्वे आणि ओव्हरबेक यांचा १९४० च्या दशकातला सिद्धांत हेच सांगतो. दोन धनभारांचा कॅल्शियम आयन हे काम एका धनभाराच्या सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत करतो. आयनरहित सर्फॅक्टंटचा बचाव वेगळा असतो. त्याच्या पाण्यात पसरलेल्या लांब साखळ्या थेंबांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून जड पाण्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. कीडनाशकांच्या ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात ओतल्यावर पायस होणाऱ्या, द्रव्यांत कॅल्शियम डोडेसिलबेंझिन सल्फोनेट आणि इथॉक्सिलेटेड एरंडेल तेल ही जोडी अनेक दशके चालत आली आहे. एक आयनी, दुसरे आयनरहित. त्यांचे प्रमाण बदलून मऊ आणि जड अशा दोन्ही पाण्यांत टिकणारे पायस साधता येते.

औषधनिर्मितीत हाच मुद्दा अधिक गंभीर होतो. आर्विड व्रेटलिंड यांनी स्वीडनमध्ये विकसित केलेले शिरेतून देण्याचे पायस १९६० च्या दशकाच्या आरंभी वापरात आले. त्याच्या २० टक्क्यांच्या प्रकारात सोयाबीन तेलाला अंड्याच्या बलकातील १.२ टक्के फॉस्फोलिपिडचा आधार असतो. थेंब सरासरी ०.३ मायक्रॉनचे धरले तर एका लिटरमध्ये तेल-पाण्याची सीमा ४,००० चौरस मीटरच्या वर, म्हणजे एक एकराहून जास्त भरते. बाटलीत हे पायस वर्षाहून अधिक काळ टिकते. त्यातच कॅल्शियमची क्षारद्रावणे जास्त प्रमाणात मिसळली तर थेंबांचा ऋणभार झाकला जाऊन ते फुटू शकते, आणि मोठे झालेले थेंब फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत अडकण्याचा धोका असतो. त्यामुळे शिरेतून द्यायच्या पोषणद्रावणात क्षारांची मर्यादा काटेकोर पाळली जाते.

तापमान

कृषितज्ज्ञ : निंबोळी तेलात पामिटिक आणि स्टिअरिक या संपृक्त आम्लांचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. म्हणून रब्बीत, हरभऱ्यावर घाटे अळी येते त्या थंडीत, हे तेल सकाळी डब्यात थिजलेले असते. गार पाण्यात ओतले की गुठळ्या राहतात. ते कोमट करून पातळ केल्याशिवाय कोणताही सर्फॅक्टंट कामाचा नाही.

रसायनतज्ज्ञ : थिजण्याचा परिणाम त्याहून खोल आहे. थेंबात अर्धवट स्फटिक झाले की ते सीमेबाहेर टोके काढतात आणि शेजारच्या थेंबाचा थर टोचतात. दोन थेंब असे जोडले जातात, आणि पुन्हा ऊब मिळताच त्यांचा एक थेंब होतो. पायस गोठून वितळले की फुटते, ते याच प्रकारे. वाढत्या उष्णतेचा धोका निराळा आहे. आयनरहित सर्फॅक्टंटच्या जलस्नेही साखळ्या तापमान वाढले की धरलेले पाणी सोडतात आणि रेणू तेलाकडे झुकतो. एका ठरावीक तापमानाला पायसच उलटते : पाण्यात तेल होते ते तेलात पाणी होते. कोझो शिनोदा यांनी १९६४ मध्ये या व्युत्क्रम तापमानावर निवडीची पद्धत उभी केली. साठवणीच्या तापमानापेक्षा ते निदान वीसेक अंशांनी वर असावे, असा त्यांचा आग्रह होता.

तेलाचा स्वभाव

रसायनतज्ज्ञ : वनस्पती तेलाचे ट्रायग्लिसराइड रेणू मोठे असतात आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. म्हणून निंबोळी, सोयाबीन, एरंडेल यांच्या पायसांत ऑस्टवाल्ड पक्वन फार मंद असते. लवंग, ओवा, संत्र्याची साल यांच्या सुगंधी तेलांचे तसे नाही. त्यांचे रेणू लहान आणि पाण्यात किंचित विरघळणारे असल्याने बारीक थेंबांचे पायस काही दिवसांत जाड होते. त्यात थोडे जड वनस्पती तेल मिसळले की पक्वन आवरते, कारण मागे राहिलेले न विरघळणारे तेल लहान थेंबांना आटू देत नाही.

कृषितज्ज्ञ : थेंब टिकले, पण तेलातला गुण गेला, तर त्या टिकण्याला अर्थ नाही. निंबोळीतील ॲझाडिरेक्टिन सौम्य आम्लधर्मी पाण्यात, साधारण ४ ते ६ सामूला, टिकते. अल्कधर्मी पाण्यात आणि उन्हात ते लवकर नष्ट होते. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते. पायस दिवसभर पांढरेशुभ्र दिसेल आणि संध्याकाळी त्यातले औषध कमी झालेले असेल.

रसायनतज्ज्ञ : रासायनिक स्थैर्य वेगळे मोजावे, हे बरोबर. असंपृक्त तेलांचे हवेने होणारे ऑक्सिडीकरणही पायसात वाढते, कारण सीमा मोठी असते. ऋणभाराचे सर्फॅक्टंट पाण्यातले लोहाचे आयन सीमेकडे ओढतात आणि खवटपणाला गती देतात. तिथेही सर्फॅक्टंटच्या निवडीचाच प्रश्न येतो.

पाणी दाट करणे आणि कालवण्याचा क्रम

रसायनतज्ज्ञ : थेंब फार बारीक करता येत नसतील तर बाहेरचे पाणी दाट करता येते. झँथन गमसारखा डिंक अर्ध्या टक्क्याच्या आत घातला तरी स्थिर पाण्यात थेंब जागच्या जागी अडकतात आणि ओतताना मिश्रण पातळ होते. मात्र फारच थोडा डिंक उलट अपाय करतो. तो थेंबांना आधार देत नाही, पण मायसेल करतात तसे थेंबांचे पुंजके मात्र घडवतो.

कृषितज्ज्ञ : फवाऱ्यात डिंकाला जागा नाही, तिथे क्रम महत्त्वाचा. तेल थेट टाकीभर पाण्यात ओतून वरून सर्फॅक्टंट टाकला तर तो पाण्यातच पांगतो. आधी तेलात सर्फॅक्टंट नीट मिसळावा. मग त्यात थोडे थोडे पाणी घालत घोटावे. मिश्रण दाट होत जाते आणि मग एकदम दुधासारखे पांढरे होते. ते झाले की उरलेल्या पाण्यात ओतावे.

रसायनतज्ज्ञ : त्या पांढऱ्या होण्याच्या क्षणी तेलात पाणी होते ते उलटून पाण्यात तेल होते. उलटताना सीमेवरचा ताण अगदी खाली गेलेला असतो, म्हणून कमी श्रमात फार बारीक थेंब मिळतात. हातानेही दर्जेदार पायस करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

किती टिकावे

कृषितज्ज्ञ : मुळात फवारणीचे पायस जास्त टिकणे हा गुणच नाही. नोझलमधून बाहेर पडलेले मिश्रण पानावर फुटले पाहिजे आणि तेल पानाला, किडीच्या अंगाला चिकटले पाहिजे. लिंबूवर्गीय बागांतल्या खनिज तेलाच्या फवाऱ्यांचा अनुभव जुना आहे : लवकर फुटणारे पायस पानावर जास्त तेल सोडते. घट्ट पायसातले बरेच तेल पाण्यासोबत ओघळून जमिनीवर जाते.

रसायनतज्ज्ञ : पण लवकर फुटणारे पायस टाकीतच फुटले तर ते पानापर्यंत पोहोचणारच नाही. पानावर पाणी उडून जाते, थेंब दाटतात, मधले पडदे फाटतात. टाकीत तासभर टिकणारे मिश्रणही पानावर फुटतेच. सूत्र असे बांधावे की ते विरळ असताना टिकेल आणि दाट होताच फुटेल. त्यासाठी सर्फॅक्टंट नेमका आणि मोजकाच हवा.

कृषितज्ज्ञ : मग दोन्ही भूमिका एका ठिकाणी येतात : वापराचा काळ आधी ठरवावा आणि सूत्र नंतर.

कीडनाशकांची प्रमाणित चाचणी नेमकी याच धोरणावर बेतलेली आहे. १०० मिलिलिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये ३४२ पीपीएमच्या जड पाण्यात द्रव्य कालवून ते ३० अंश सेल्सियसला एक तास स्थिर ठेवतात. वरची साय आणि खालचा साका मिळून २ मिलिलिटरपेक्षा जास्त नसावा, ही भारतीय मानकांतली नेहमीची अट. आंतरराष्ट्रीय पद्धतीत २४ तासांनी सिलिंडर पुन्हा उलटसुलट करून पायस परत जुळते का, हेही पाहतात. म्हणजे साय धरणे मर्यादेत चालते; न जुळणारे तेल चालत नाही.

संवादातून निघणारा निष्कर्ष असा. सर्फॅक्टंटचा प्रकार आणि मात्रा, थेंबाचा व्यास, तेलातली मुक्त आणि संपृक्त मेदाम्ले, पाण्याचे काठिण्य व सामू, तापमान, श्यानता आणि मिसळण्याचा क्रम यांपैकी एकटा घटक स्थैर्य ठरवत नाही. सर्फॅक्टंट बाकीच्यांना तोंड देण्याचे साधन आहे, म्हणून त्याची निवड त्याच तेलात, त्याच पाण्यात आणि त्याच तापमानाला पारखली पाहिजे. शिरेतल्या औषधाला वर्ष-दोन वर्षांचे स्थैर्य लागते. फवाऱ्याला टाकी रिकामी होईपर्यंतचे पुरते. निंबोळी तेल वापरणाऱ्याने पंप भरण्याआधी पारदर्शक बाटलीत आपल्याच विहिरीच्या लिटरभर पाण्यात ठरलेल्या मात्रेचे मिश्रण कालवून तासभर ठेवावे. वर तेलाचा तवंग आला किंवा चोथा तरंगला, तर ते मिश्रण पिकावर फवारू नये. आधी सर्फॅक्टंट बदलावा.